डावखुरा नेमबाज आणि त्याची बंदूक

मराठी भाषेनें डाव्या हाताचा निकाल फार पूर्वींच लावून टाकला आहे. जें सरस तें 'उजवें', आणि ज्याला बाजूस सारावयाचें त्याला 'डावलावयाचें'. देवाला प्रदक्षिणा घालावयाची ती त्याला उजव्या हातास ठेवून. दक्षिणा द्यावयाची ती उजव्या हातानें. घास घ्यावयाचा तोहि उजव्याच हातानें. तरीहि महाभारतांत अर्जुनासारख्या धनुर्धराचें एक गौरवाचें नांव आहे 'सव्यसाची', म्हणजे डाव्या हातानेंहि बाण सोडणारा. धनुष्याला डावें-उजवें नसतें. तें कोणत्याहि हातांत सारखेंच वाकतें, आणि म्हणूनच डाव्या हाताचें कौशल्य तेथें भूषण ठरलें.

बंदूक या बाबतींत धनुष्याहून वेगळी निघाली. तिला कान आला, घोडा आला, चाप आला. आणि हें सारें कोठें ना कोठें तरी एका बाजूला बसवावें लागलें. ती बाजू ठरली ती उजव्या खांद्यावर बंदूक टेकविणाऱ्याच्या सोयीनें. दहा माणसांत सुमारें एक माणूस जन्मतः डावखुरा असतो. त्या दहाव्या माणसानें कोणती बंदूक हातीं घ्यावी, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें कीं बंदुकीचा चारशें वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

हा प्रश्न कोठें खरोखर निकडीचा होता तें पाहावयास राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत जाण्याचें कारण नाहीं. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, ज्याला १९८१ पासून रायगड जिल्हा म्हणतात, महाडहून वरंध घाटाकडे जातांना काळ नदीच्या खोऱ्यांत बिरवाडी हें गांव लागतें. एका अंगास रायगडाचे डोंगर, दुसऱ्या अंगास सह्याद्रीची भिंत, आणि मध्यें भाताचीं खाचरें. आज गांवाशेजारीं महाडची औद्योगिक वसाहत उभी आहे आणि रात्रीं कारखान्यांचे दिवे दिसतात. परंतु घाटाच्या दिशेनें वर चढूं लागलें, किंवा पोलादपूरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांकडे वळलें, कीं जुनी स्थिति फारशी पालटलेली दिसत नाहीं. उतारावर नाचणी-वरीचे तुकडे, खालीं भात, आणि दाणा भरूं लागला कीं रात्रींतून शेत लोळवून टाकणारीं रानडुकरें. अशा मुलखांत बंदूक ही चैनीची वस्तु नव्हती. कोयत्या-कुऱ्हाडीसारखें तें एक अवजार होतें. घरांत असली तर एकच, आणि तीहि आजोबांकडून नातवाकडे आलेली. नातू डावखुरा निघाला तर त्याच्यासाठीं दुसरी कोण आणणार? त्यानें खांदा बदलावा, हेंच उत्तर ठरलेलें असे. तें उत्तर कोठून आलें?

शिवकालांत या खोऱ्यानें पाहिली ती तोड्याची बंदूक. १६५६ मध्यें जावळी आणि रायरी शिवाजी महाराजांच्या हातीं आली. १६७४ मध्यें त्याच रायरीवर, म्हणजे रायगडावर, राज्याभिषेक झाला. त्या काळच्या देशी बंदुकीची नळी लांब, दस्ता सडपातळ व जवळजवळ सरळ, आणि नळीच्या मागच्या टोकाला उजव्या अंगास एक लहानसा प्याला असे. त्या प्याल्यांत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालावयाची. चाप ओढला कीं पेटता तोडा तिच्यावर टेके, रंजक भडके, आणि कानांतून विस्तव आंत जाऊन बार होई. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगास असतो. भडका आणि चेहरा यांच्यामध्यें लाकूड येतें. डावखुऱ्याचा गाल नेमका उजव्या अंगास, म्हणजे प्याल्याच्या पाठीमागें येतो. रंजक भडकावयाची ती त्याच्या डोळ्यांदेखत, आणि तीहि फार थोड्या अंतरावर. त्याच्यापुढें दोनच वाटा होत्या : खांदा बदलावा, किंवा बाराच्या क्षणीं डोळे मिटावे. डोळे मिटून नेम साधत नाहीं, हें सांगावयास उस्ताद लागत नाहीं. तेव्हां खांदा बदलण्याचा नियम पहिल्यानें निघाला तो शिस्तीपोटीं नव्हे, तर भाजण्याच्या भयापोटीं.

पुढें चकमकीची बंदूक आली. तोडा गेला, गारगोटी आली. परंतु घोडा आणि प्याला उजव्याच अंगास राहिले. त्यांत कवाइतीनें आणखी एका बंधनाची भर घातली. कवाइती पलटणींतले शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेंत उभे राहत आणि हुकुमासरशी एकदम बार काढीत. रांगेंतल्या एकानेंच डावा खांदा वापरला तर त्याची उभें राहण्याची ढब उलटी व्हावयाची, कोपर शेजाऱ्याला अडावयाचें आणि रांग विसकटावयाची. म्हणून भीतीपोटीं निघालेला नियम आतां हुकूम झाला. मराठी फौजेंत ही कवाइत गारद्यांनीं आणली. १७६१ मध्यें पानिपतावर लढलेल्या इब्राहिमखानाच्या पलटणी याच पद्धतीच्या होत्या. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढें रायगड खालीं आला, आणि त्यानंतर या खोऱ्यांतील कित्येक घरांतले तरुण मुंबई इलाख्याच्या सैन्यांत चाकरीला जाऊं लागले. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच सैन्यांत नोकरी करून १८८६ मध्यें निवृत्त झाले आणि पुढें अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. पलटणींतून परतलेल्या माणसाबरोबर पलटणीची रीतहि घरीं यावी, हें साहजिक आहे. एकटा राखणदार मचाणावर बसतो तेव्हां त्याच्या शेजारीं रांग नसते. तरीहि रांगेचा नियम त्याला लागू राहिला.

१८०७ मध्यें फोर्साईथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातासरशी पेटणाऱ्या दारूचा शोध नोंदविला. तो स्वतः पक्ष्यांची शिकार करी. प्याल्यांतला भडका पाहून पक्षी बाराआधींच उडून जातात, ही त्याची तक्रार होती. त्याच्या शोधांतून पुढें तांब्याची टोपी, म्हणजे केप, निघाली. कोंकणांत ठासणीची बंदूक म्हणून जी ओळखली जाते ती याच जातीची : नळीच्या तोंडांतून दारू व छर्रे भरून गजानें ठासावयाचे, आणि मागें उजव्या अंगाच्या निपलावर केप बसवावयाची. भडका कमी झाला, पण केपेच्या बारीक चिंध्या व धूर अजूनहि उजव्या बाजूनेंच उडत. डावखुऱ्याची सुटका अर्धीच झाली होती.

उरलेली अर्धी सुटका होण्याच्या सुमारास मध्यें कायदा आला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. राष्ट्रीय सभेनें आरंभींच्या वर्षांतच या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते स्वाभिमानाच्या मुद्द्यावर. त्याचा एक लहान परिणाम मात्र ठरावांत बसण्यासारखा नव्हता. परवाना मिळणें कठीण. मिळाला तर एका बंदुकीपुरता. आणि ती बंदूक दुकानांत असेल ती किंवा घरांत असेल ती. निवड करणें हीच ज्या काळीं दुर्मिळ गोष्ट झाली, त्या काळीं डाव्या हातासाठीं निवड कोण करणार?

आणि नेमक्या त्याच काळांत डावखुऱ्याला न्याय देणारी बंदूक जगांत तयार झाली होती. १८३५ च्या सुमारास पॅरिसच्या लेफोशे यानें मधोमध मोडणारी बंदूक काढली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत ती इंग्रज कारागिरांच्या नजरेस पडली. आणि १८७५ मध्यें बर्मिंगहॅमच्या वेस्ले रिचर्ड्स यांच्या कारखान्यांतील अॅन्सन व डीली यांनीं घोडे पोटांत दडविलेली दुनळी सिद्ध केली. आज जी बारा बोअरची साधी दुनळी आढळते तिची घडण बहुधा याच वळणाची असते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी जीत बसेल अशी नळी. तिचें तोंड सुमारें साडेअठरा मिलिमीटरांचें भरतें. या बंदुकींत काडतूस मागून सरळ आंत जातें आणि रिकामें टरफल मागूनच बाहेर येतें. भडका आंत कोंडलेला, घोडे आंत लपलेले, आणि दोन नळ्या डाव्या-उजव्या अंगांस सारख्या. बिनधोक ठेवण्याची कळहि अंगठ्याखालीं, अगदीं मध्यावर. बंदुकीच्या साऱ्या इतिहासांत कोणत्या खांद्यावर आपण टेकलों याची जिला जवळजवळ फिकीर नाहीं, अशी ही पहिलीच बंदूक होय.

'जवळजवळ' म्हणण्याचें कारण तिच्या दस्त्यांत आहे. उत्तम कारागीर दस्ता अगदीं सरळ ठेवीत नाहीं. उजव्या खांद्याच्या माणसासाठीं तो किंचित् उजवीकडे झुकवितो, म्हणजे गाल टेकतांच डोळा आपोआप नळीच्या मध्यरेषेवर येतो. हा बाक एक-दोन सुतांचा असतो. सुताराच्या हिशेबानें आठ सूत म्हणजे एक इंच; तेव्हां ही गोष्ट नजरेला चटकन् दिसतहि नाहीं. परंतु तीच बंदूक डाव्या खांद्यावर घेतली कीं तोच बाक उलट बाधतो. डोळा मध्यरेषेच्या उजवीकडे दोन सूत सरकला असें धरूं. डोळ्यापासून नळीच्या टोकावरील माशीपर्यंत अंतर सुमारें तीन फूट. लक्ष्य तीस यार्डांवर, म्हणजे नव्वद फुटांवर असेल, तर ही चूक तीसपट होते. साठ सूत म्हणजे साडेसात इंच. बार लक्ष्याच्या उजवीकडे जवळजवळ वीतभर जातो. छर्ऱ्यांचा पुंजका पसरत जात असल्यामुळें एवढी चूक कधीं झांकली जाते. डुकरासाठीं एकच गोळी भरली असेल तर ती मुळींच झांकली जात नाहीं. जनावर जखमी होऊन झाडींत शिरतें, आणि जखमी डुकराच्या मागावर जाण्याएवढें धोक्याचें काम रानांत दुसरें नाहीं. नातवाला नेम येत नाहीं असें घरांत ठरून जातें; खरा दोष दोन सुतांच्या लाकडाचा असतो.

यावर उपाय पूर्वींहि होता व आजहि आहे. अक्रोडाच्या लाकडाला गरम तेलाचा शेक देऊन तें कसबी कारागिराच्या हातून थोडें वाकवितां येतें. उजवीकडचा बाक काढून तो सरळ किंवा डावीकडे करून घेतां येतो. अर्थात् हें काम परवाना असलेल्या कारागिराचेंच. ज्या घरांत एकच बंदूक उजव्या व डाव्या अशा दोघांनीं वापरावयाची, तेथें मुळांतच सरळ दस्त्याची दुनळी घेणें शहाणपणाचें. ती कोणावरहि पूर्ण मेहेरबान नसते, पण कोणाशीं वैरहि करीत नाहीं.

परंतु बंदूक निवडण्याआधीं आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष झालेलें आहे. माणसाचा जसा एक हात बळकट असतो तसा एक डोळा धनी असतो. छऱ्याच्या बंदुकीनें नेम धरतांना दोन्ही डोळे उघडे ठेवावयाचे असतात. त्या वेळीं मेंदू ज्याचें ऐकतो तो धनी डोळा. सुमारें तिघांत एका माणसाचा डावा डोळा धनी असतो, आणि त्यांत उजव्या हातानें लिहिणारे व जेवणारेहि पुष्कळ निघतात. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात पुढें पसरून तळव्यांच्या मधून एक लहान झरोका करावा. त्यांतून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, दूरचा एखादा माड पाहावा. आणि माडावरची नजर न काढतां हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावे. झरोका ज्या डोळ्यापाशीं येऊन थांबतो तो धनी. बंदूक त्या डोळ्याखालच्या खांद्यावर जावी, हा नियम. ज्याचा डावा हात व डावा डोळा दोन्ही प्रबळ, त्याला खांदा बदलावयास लावणें म्हणजे त्याच्या दोन्ही शक्ति एकदम हिरावून घेणें होय. हात एक आणि डोळा दुसरा असेल तेथें चष्म्याच्या एका कांचेवर लहानशी पट्टी चिकटवून धनी डोळ्याचा अंमल कमी करतां येतो. विलायतेंतील कारागिरांनीं तर उजव्या खांद्यावरची बंदूक डाव्या डोळ्यासमोर यावी असे नागमोडी दस्तेहि करून दिले आहेत.

यंत्रयुगानें मात्र डावखुऱ्याचा प्रश्न पुन्हां उभा केला. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यानें रचलेली आपोआप भरणारी छऱ्याची बंदूक बेल्जममध्यें १९०२ च्या सुमारास तयार होऊं लागली. ती रिकामें टरफल उजवीकडे फेकते. उजव्या खांद्याच्या माणसापासून तें दूर जातें. डावखुऱ्याच्या नाकासमोरून जातें. टरफल सहसा लागत नाहीं, पण त्याबरोबरचा वायु व काजळी चेहऱ्याकडे येते, आणि एका क्षणापुरतें कां होईना, लक्ष विचलित होतें. तोड्याच्या बंदुकीची जुनी भीति अशा रीतीनें नव्या रूपानें परत आली. १९३७ मध्यें अमेरिकेंतील इथाका कंपनीनें टरफल खालीं टाकणारी बंदूक काढली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं कारखाने डावीकडे टरफल टाकणाऱ्या बंदुकाहि बनवूं लागले. भारतांत इशापूरच्या सरकारी कारखान्यानें आणि मुंगेरच्या कारागिरांनीं एकनळी व दुनळी बंदुका पुष्कळ बनविल्या. म्हणून आपल्याकडील डावखुऱ्याला मोडणारी दुनळी हाच जवळचा आणि खात्रीचा मार्ग राहिला.

खांद्याचा हा प्रश्न एकट्या नेमबाजाचा नाहीं, त्याच्या सोबत्यांचाहि आहे. कोंकणांत पारधीची जुनी रीत हाकाऱ्याची : कांहीं माणसें ओरडत रान उठवीत यावयाचीं आणि बंदूकवाल्यांनीं जनावराच्या वाटा धरून बसावयाचें. बसलेला उजवा नेमबाज डावीकडे सहज वळतो, उजवीकडे वळतांना अवघडतो. डावखुऱ्याचें याच्या उलट. म्हणून बसवणी करतांना कोणाचा खांदा कोणता हें ठाऊक असावें लागे. डावखुऱ्याला उजव्यासारखें बसविलें तर त्याच्या बंदुकीचें तोंड सहजगत्या जेथवर फिरतें तेथें हाकारे किंवा शेजारचा बंदूकवाला असूं शकतो. डाव्या हाताची दखल न घेणें ही रानांत नुसती गैरसोय नव्हे. त्यांत माणसाचा जीव जाण्याचा संभव आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें पारधीचा हा अध्याय संपविला. उपद्रवी जनावरासाठींहि वनखात्याची परवानगी हवी, आणि बंदुकीसाठीं १८७८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९५९ च्या अधिनियमाखालचा परवाना हवा. छऱ्याच्या बंदुकीचें कौशल्य मोकळेपणीं दाखविण्याचें क्षेत्र आतां एकच उरलें आहे, तें म्हणजे तबकड्यांवरील नेमबाजी.

या खेळाचा उगमहि शिकारींतच आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत पेट्यांतून जिवंत कबुतरें सोडून त्यांवर नेम धरीत. १८७७ मध्यें बोगार्डस या अमेरिकन नेमबाजानें कांचेचे गोळे उडविणारें यंत्र प्रचारांत आणलें, आणि १८८० मध्यें सिनसिनाटीच्या लिगोव्स्कीनें मातीची चपटी तबकडी काढली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तबकड्यांबरोबर जिवंत कबुतरांवरहि नेमबाजी झाली. पुढें ती पुन्हां झाली नाहीं. आजची तबकडी डांबर व चुनखडीच्या मिश्रणाची, ११० मिलिमीटर रुंद व सुमारें १०५ ग्रॅम वजनाची असते. नांव मात्र मातीच्या कबुतराचेंच राहिलें. ट्रॅप या प्रकारांत नेमबाजासमोरील चरांत बसविलेल्या यंत्रांतून तबकडी दूर जाते आणि बंदूक आधींच खांद्याला लावून ठेवतां येते. स्कीट हा प्रकार अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत निघाला. त्यांत डाव्या व उजव्या बाजूंच्या दोन घरांतून तबकड्या आडव्या येतात, आणि त्या दिसेपर्यंत दस्ता कमरेशीं ठेवावा लागतो. डावखुऱ्याच्या दृष्टीनें हा फरक मोठा आहे. ट्रॅपमध्यें उलट्या बाकाची बंदूक मान वांकडी करून कशीबशी निभावतां येते. स्कीटमध्यें तेवढी उसंतच नसते. बंदूक खांद्याला येतांक्षणींच डोळा मध्यरेषेवर पाहिजे, नाहींतर तबकडी अखंड निघून जाते.

भारतांत या विद्येला संघटित रूप आलें तें १९५१ मध्यें राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला तेव्हां. त्याचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापति. घराणें मूळचें कोंकणांतल्या मावळंग्याचें. १९६२ मध्यें कैरो येथील जागतिक स्पर्धेंत बिकानेरचे करणीसिंह यांनीं तबकड्यांच्या नेमबाजींत रौप्यपदक मिळविलें, आणि २००४ मध्यें अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं डबल ट्रॅपमध्यें तेंच यश मिळविलें. राजवाड्याचा शौक अशा रीतीनें शिस्तीचा खेळ झाला. खेळांत कोणी खांदा बदलावयास सांगत नाहीं; तेथें प्रत्येकाचा दस्ता त्याच्या गालाच्या व खांद्याच्या मापानें बेततात.

चारशें वर्षांचा हिशेब असा आहे. डावखुऱ्याला उजवा खांदा धरावयास लावण्याचीं कारणें एकामागून एक नाहींशीं झालीं : रंजक गेली, रांग गेली, केप गेली. मागें राहिली ती केवळ संवय, आणि संवयीला नेहमींच शास्त्राचा मुखवटा चढविण्यांत येतो. बिरवाडीच्या एखाद्या घरांत आजोबांची परवान्याची दुनळी कायदेशीर रीतीनें नातवाच्या नांवें होईल आणि तो ती उचलून डाव्या खांद्याला लावील, तेव्हां त्याचा हात खालीं ओढण्यापूर्वीं त्याचा धनी डोळा कोणता तें पाहावें, आणि मग दस्त्याचा बाक मोजावा. लाकूड दोन सूत वाकवितां येतें. माणसाला वाकविण्याचें त्यानंतर कांहीं कारण उरत नाहीं.